हेही पाहा

भाऊंना कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगता येत नाही. येत नाही म्हणण्यापेक्षा ते सांगत नाहीत. त्यांच्या लेखी हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ऐकणारा माणूस सुरुवातीला कधीच हजर नसतो, असं त्यांचं ठाम मत. तो मधेच येतो, घाईत येतो, आणि त्याला एवढंसंच काहीतरी हवं असतं. त्यामुळे भाऊंनी फोन लावला की आधी आपण दोघं नेमके कुठे उभे आहोत ते पक्कं करून घेतात. "भाऊ बोलतो. अमरावती, साईनगर. विषय तुह्या पोरीचं लग्न, उपविषय जेवण, मुद्दा वांग्याची भाजी. आता आयक." पलीकडच्याचा घास हातातच राहतो, पण मुद्द्याबद्दल गैरसमज राहत नाही.

असा एकेक जण प्रत्येक गावात असतो. दुसऱ्याची न सापडलेली वस्तू ह्याची झोप उडवते. बसस्थानकावर कुणी भांबावलेला दिसला की हा स्वतःची गाडी सोडून त्याची गाडी शोधायला निघतो. पूर्वी अशी माणसं ग्रंथपाल व्हायची, रेल्वे डाकेत सॉर्टर व्हायची, किंवा काहीच न होता आयुष्यभर गावाच्या उपयोगी पडायची. भाऊ इंजिनियर झाले, चार वर्षं कोड लिहिला, आणि मग एक दिवस साहेबाला म्हणाले, मला डॉक्युमेंटेशन द्या. साहेबाला वाटलं, घरी काही प्रॉब्लेम असेल. कारण डॉक्युमेंटेशन आपणहून मागणारा माणूस त्याने नोकरीत पाहिला नव्हता.

ती पुण्याच्या कंपनीची नोकरी भाऊ आता घराच्या मागच्या खोलीतून करतात. कंपनीची तारखा-वेळांची एक लायब्ररी आहे. म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमरांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये आणून वापरावीत अशी तयार फंक्शनं, शेकड्यांनी. कुठलं फंक्शन काय मागतं, काय परत देतं, बिनसलं तर कुठली एरर फेकतं, हे सांगणाऱ्या पानांना रेफरन्स म्हणतात, आणि ती पानं भाऊंच्या ताब्यात आहेत. शेजाऱ्यांना एवढंच दिसतं की हा गृहस्थ दिवसभर लिहितो आणि छापून काही येत नाही. तेव्हा हा कवी असावा. सुरेश भटांच्या गावात हा संशय कुणावरही येऊ शकतो.

फंक्शनं लिहिणारा अकोल्याचा आहे. कंपनी पुण्याची, पण कोड अकोल्यात आणि कागद अमरावतीत, अशी ह्या लायब्ररीची वाटणी झालेली. अकोलेकर कोड अप्रतिम लिहितो. हे भाऊसुद्धा कबूल करतात, फक्त त्याच्यासमोर नाही. पण त्याला वर्णन लिहायला सांगितलं की तो लिहितो, "पार्सडेट: डेट पार्स करते." रोडगा म्हणजे काय, असं विचारणाऱ्या पुणेकराला "रोडगा असते ना बाप्पा, रोडगा" असं सांगून वाटेला लावावं, तसला हा प्रकार. भाऊ चिडतात. अकोलेकर म्हणतो, "कोडच वाचा ना. त्यातच लिवलं हाये सारं."

"मंग लायब्ररी कायले देता? कोडच वाचाचा असता त त्यानं सोताच नसता लिवला का?"

हा वाद फोनवर मिटणारा नव्हता, म्हणून दोघं मूर्तिजापूरला भेटू लागले. अकोला आणि बडनेरा ह्यांच्या मधलं स्टेशन, दोघांनाही सोयीचं. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात मोडतं, त्यामुळे वाटाघाटी परक्या मुलखात होतात अशी भाऊंची पहिल्यापासून तक्रार आहे. ते सोबत डब्यातून अमरावतीचा गिला वडा नेतात. अकोलेकर तो खातो, पण मुद्दा सोडत नाही.

एकदा भांडण झालं ते ३१ जानेवारीवरून. लायब्ररीत महिने मिळवणारं एक फंक्शन आहे. अकोलेकराने वर्णन दिलं होतं, "तारखेत महिने मिळवते." भाऊंनी विचारलं, ३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर काय येतं?

"अठ्ठावीस फेब्रुवारी. दुसरं काय येईन?"

दुसरं येतं. जावाच्या तारखांच्या लायब्ररीत २८ फेब्रुवारी येतं, लीप वर्ष असेल तर २९. पण जावास्क्रिप्टच्या जुन्या डेटला महिना पुढे सरकवायला सांगा, उरलेले दिवस सांडून ती ३ मार्चला जाऊन बसते, लीप वर्षात २ मार्चला. दोघींनी आपापल्या परीने बरोबर ठरवलंय. प्रश्न एवढाच की आपल्या लायब्ररीने काय ठरवलंय ते वाचणाऱ्याला कुठे सापडावं? "उद्या कोनाचा पगार अठ्ठावीसच्या जागी तीन मार्चले झाला," भाऊ म्हणाले, "त तो तुह्या घरी येईन, का माह्या?" अकोलेकराने वडा खाली ठेवला. त्या दिवशी जे ठरलं त्याला भाऊ मूर्तिजापूरचा तह म्हणतात: प्रत्येक पानावर आधी एका ओळीत काम, लगेच खाली चालवून पाहिलेलं उदाहरण, मग मागणी-परतावा-एरर, आणि तळाशी "हेही पाहा".

ही शेवटची ओळ भाऊंच्या स्वभावात इतकी मुरली आहे की ती पानाच्या बाहेर यायला लागली. बोलणं संपलं असं लोकांना वाटतं, आणि भाऊ तीन संबंधित विषय देतात. गल्लीतले एक आजोबा गेले तेव्हा भाऊ भेटायला गेले. पाच मिनिटं खाली मान घालून बसले, आजोबांबद्दल दोन चांगले शब्द बोलले, उठले, आणि चपला घालता घालता थोरल्या मुलाला हळूच म्हणाले, "हेही पाहा: वारसनोंद, बँकेतलं नॉमिनेशन, सातबाऱ्यावरचा फेरफार." बायकांनी डोळे वटारले. वहिनी तर आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पुढे तेराव्यानंतर त्याच मुलाने येऊन विचारलं, भाऊ, ती यादी परत सांगता का. भाऊंनी कागद तयारच ठेवला होता, तलाठ्याकडे न्यायच्या कागदपत्रांसह, आणि मागच्या बाजूला पुन्हा एक "हेही पाहा".

वहिनींबद्दल सांगायला हवं. त्या माहेरच्या अकोल्याच्या. म्हणजे भाऊंना नोकरीत आणि घरात एकाच गावाशी झुंजावं लागतं. एका उन्हाळ्यात वहिनी माहेरी गेल्या असताना भाऊंनी स्वयंपाकघराचं डॉक्युमेंटेशन केलं. सगळे डबे अकारविल्हे लावले: ओवा, कलमी, खसखस, जिरं, तीळ, धने, असे करत करत खालच्या फळीच्या टोकाला हळद आणि हिंग. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. वहिनी परतल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी तेल तापत ठेवलं, आणि मोहरी 'म'मध्ये, जिरं 'ज'मध्ये, हळद 'ह'मध्ये शोधेपर्यंत तेलाचा धूर झाला.

"अहो, फोडनी काय बाराखडीनं देतेत का?"

भाऊ त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगला गेले नाहीत. संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीत बसून होते. वहिनींनी दोन मिनिटांत फोडणीचं सगळं गॅसजवळ आणलं, दळायचं एका फळीवर, सणावाराचं वर. भाऊंच्या लक्षात आलं की बाई जे करते आहे तेच त्यांच्या लायब्ररीत नाही. डाव्या पट्टीत शेकडो फंक्शनं अकारविल्हे उभी होती. ज्याला नाव माहीत आहे त्याला ती यादी पुरते. पण बहुतेकांना नाव माहीत नसतं, काम माहीत असतं: दोन तारखांमधले दिवस मोजायचेत, सुट्ट्या वगळायच्यात, पुण्याची वेळ न्यूयॉर्कची करायचीय. ह्या लोकांनी कुठलं अक्षर शोधायचं? आठवडाभरात भाऊंनी डावी पट्टी कामांप्रमाणे लावली. अकारविल्हे यादी काढून मात्र टाकली नाही, तिचं वेगळं पान केलं. घरातही हाच तोडगा निघाला. डबे वहिनींच्या मताने, आणि कपाटाच्या दाराला आतून भाऊंची यादी, फळीच्या क्रमांकासह.

ती यादी वहिनी स्वतः कधीच पाहत नाहीत. ती उपयोगी पडली पुण्याच्या धाकट्या जावेला. पण तीही 'क'खाली कोथिंबीर शोधत होती, आणि आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाऊंनी त्याच रात्री यादीत भर घातली: "कोथिंबीर: पाहा सांबार. दालचिनी: पाहा कलमी." दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या शोधपेटीतही असाच बदल झाला. कुणी "महिनाअखेर" शोधो, कुणी "शेवटचा दिवस", पोचतो एकाच पानावर. ही युक्ती कुठून आली असं पुण्याने विचारलं तेव्हा भाऊंनी "युजर रिसर्च" असं उत्तर दिलं.

दुसऱ्यांची डॉक्स भाऊ कसे वाचतात, हे पाहण्यासारखं असतं. पाहुण्याच्या घरी गेल्यावर काही बायका आधी मोरीकडे नजर टाकतात, भाऊ आधी शोधपेटीकडे. जावावर त्यांचा जुना राग. भाषा १९९५ची, आणि तिच्या डॉक्समध्ये शोधपेटी आली ती २०१७मध्ये, नवव्या आवृत्तीत. "बावीस वर्षं! पोरगं जलमलं, शिकलं, लग्नाले आलं, अन् हे तवरोक चौकटीतली पट्टी वरखाली ओढून रायले." उलट पीएचपीबद्दल कुणी वाईट बोललेलं त्यांना खपत नाही, आणि पीएचपीला नावं ठेवणं हा तर प्रोग्रॅमरांचा रोजचा विरंगुळा आहे. कारण एकच. पीएचपीच्या साइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन फंक्शनचं नाव टाइप करा, थेट त्या पानावर उतराल. वाटेत कुणी अडवत नाही. एवढ्या एका सोयीवर भाऊंनी त्या भाषेचे सगळे गुन्हे माफ केले आहेत.

युनिक्सच्या १९७१च्या मॅन्युअलबद्दल ते आदराने बोलतात. तिथे प्रकरणांना आकडे दिलेले होते, आणि ती रीत अजून चालू आहे: कमांड म्हणून असलेलं प्रिंटएफ एक नंबरच्या प्रकरणात, सी भाषेतलं फंक्शन तीन नंबरच्या. एकाच नावाचे दोघे असले तर आकडा लावून बोलवायचं. हे त्यांना फार जवळचं वाटतं, त्याला कारण आमचा जिल्हा. आमच्याकडे नांदगाव पेठ आहे आणि नांदगाव खंडेश्वर आहे. पहिलं शहराला लागून नागपूरच्या रस्त्यावर, दुसरं तालुक्याचं गाव, यवतमाळच्या बाजूला. एका लग्नपत्रिकेवर नुसतंच "नांदगाव" छापलं गेलं. भाऊंनी छपाईआधी ती पाहिली असती तर अनर्थ टळला असता. पण यजमानांनी त्यांना मुद्दाम दाखवली नव्हती, कारण आधीच्या पत्रिकेत भाऊंनी अनुक्रमणिका सुचवली होती. नवऱ्याचे मामा पेठेत पोचले आणि तिथे चाललेल्या दुसऱ्याच लग्नात जेवून आले. जेवण चांगलं होतं म्हणतात.

जुनं नाव मोडायचं नाही, हाही भाऊंचा एक कायदा. फंक्शन बाद झालं तरी त्याचं पान ठेवायचं, वर पाटी लावायची की हे आता वापरू नका, त्याऐवजी ते वापरा, आणि कुठल्या आवृत्तीपासून ते लिहायचं. अमरावतीत जिल्हा रुग्णालयाला लोक अजून इर्विनच म्हणतात, स्त्रियांच्या दवाखान्याला डफरीन. रिक्षावाल्याला सरकारी नाव सांगून पाहा. जुन्या नावाने माणूस योग्य दारात पोचत असेल तर ते नाव चालू आहे, असं भाऊ मानतात. त्यांना वाईट वाटतं ते मूर्तिजापूरला. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी शकुंतला तिथूनच सुटायची. आता तिचे अरुंद रूळ गवतात आहेत. अकोलेकर आठवणी काढतो, लहानपणी मामाच्या गावाला, वगैरे. भाऊ रुळांकडे बघून म्हणतात, "रूळ हाये, गाडी नाई. तुही जुनी ट्युटोरियलची लिंक अशीच हाये. पह्यले ते दुरुस्त कर."

आता रिद्धपूर. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण भाऊंना वेडा ठरवणारे माझ्यासकट सगळे इथे जरा गप्प होतात.

मोर्शी तालुक्यातलं हे महानुभावांचं क्षेत्र. आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच निघालं आहे. भाऊ गेले होते कुणाला तरी सोबत म्हणून, आणि परतले ते झपाटल्यासारखे. लीळाचरित्र मराठीतला पहिला गद्य ग्रंथ, परंपरेने १२७८चा, हे आपण शाळेत पाठ केलं. भाऊंना दिसलं ते वेगळंच. म्हाइंभट माणसामाणसाकडे जाऊन चक्रधरांच्या आठवणी गोळा करतात, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतात, आणि पुढच्या प्रतींत अमक्याने असं सांगितलं, तमक्याने तसं, हे पाठभेदही टिपलेले सापडतात. हे झालं चरित्र, क्रमाने वाचायचं. पण एखाद्याला नुसतं स्वामींचं वचन हवं असेल तर? केसोबासांनी वचनं वेगळी काढून सूत्रपाठ लावला. वचन समजलं नाही, उदाहरण हवं? त्यांचाच दृष्टांतपाठ: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग तो दृष्टांत कुठे कसा लागू होतो ते सांगणारं दार्ष्टांतिक. आणि अमुक गावी स्वामी कुठे उतरले होते, देवळाचं दार कोणत्या दिशेला होतं, एवढंच हवं असेल तर चौदाव्या शतकातली स्थानपोथी, गावांप्रमाणे लावलेली.

"मजकूर एकच, दारं चार!" भाऊ ओरडलेच. "अन् आपला अकोल्याचा म्हनते, एक पान पुरते."

रात्री साडेअकराला त्यांनी अकोल्याला फोन लावला. "भाऊ बोलतो. विषय दृष्टांतपाठ, उपविषय तुहं महिने मिळवाचं फंक्शन." पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग अकोलेकर म्हणाला, सातशे वर्षांपूर्वीचे लोक रात्री झोपत असतील.

ह्याच ओघात भाऊंनी केतकरांनाही आपल्या पक्षात ओढलं आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचं शालेय शिक्षण अमरावतीत झालं, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. भाऊंचा अभिमान मात्र सूचीपुरता आहे. तेवीस खंडांच्या ज्ञानकोशात केतकरांनी एक अख्खा खंड सूचीला दिला. पैशांची ओढाताण, वर्गणीदार जमवायची पायपीट, आणि तरी सूचीचा खंड! भाऊंनी तो वाचनालयात पाहिला, तेव्हा शेजारच्या बाकावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोराला हलवून दाखवला. त्या पोराला परीक्षेत काय विचारतील ते हवं होतं. त्याला त्यांनी रंगनाथन ऐकवले: ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम, १९३१, त्यातला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा. त्यावर पोरगं जे म्हणालं, तो त्याच नियमाचा वापर होता.

वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी हा चौथा नियम भाऊंच्या अंगाशी आला. पुण्याहून नवा मॅनेजर व्हिडिओवर आला आणि त्याने आलेख दाखवला. रेफरन्सच्या पानांवर लोक पूर्वी थांबायचे त्याच्या निम्माही वेळ आता थांबत नव्हते. एक पान उघडायचं आणि निघून जायचं. मदतीसाठी येणारे प्रश्न घटले, डॉक्सबद्दल तक्रारीही येईनात. मॅनेजर आधी मार्केटिंगला होता. गिऱ्हाईक दुकानात रेंगाळत नाही म्हणजे काहीतरी गडबड आहे, असं त्याला वाटलं. लोकांना गुंतवून ठेवण्यासाठी आपण काय करू शकतो, भाऊ?

भाऊ आनंदाने लाल झाले होते. आलेख खाली चाललेला पाहून ते वहिनींना हाक मारून म्हणाले, "अवं, पेढे आन." मॅनेजरला वाटलं, आवाज तुटला असेल. मग भाऊंनी त्याला समजावलं, की रेफरन्सचं पान कादंबरी नव्हे. माणूस तिथे अडलेला असताना येतो, आणि जितक्या लवकर जाईल तितकं ते पान चांगलं. मॅनेजरने सगळं लिहून घेतलं आणि त्या वर्षी भाऊंना पगारवाढ मधल्या श्रेणीची मिळाली. ज्याचा फोन वाजत नाही त्याला काम नाही, असं पुण्यातही मानतात हे भाऊंना नवीन होतं. अकोलेकराला वरची श्रेणी मिळाली. त्याला रोज रात्री फोन यायचे.

यंदा कंपनीने डॉक्सवर एक चॅटबॉट बसवला. प्रश्न विचारा, उत्तर घ्या, पानं शोधायची कटकट नाही. आता भाऊंचं काय होणार, अशी सगळ्यांनी काळजी केली. अकोलेकर तर स्वतःच्या खर्चाने बडनेऱ्यापर्यंत आला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. दोघांनी मिळून बॉटला ३१ जानेवारीचा प्रश्न टाकला. त्याने २८ फेब्रुवारी सांगितलं, कारणही बरोबर दिलं, आणि खाली भाऊंच्याच पानाची लिंक जोडली. "त्याले बी कुठीतरी पाहाच लागते ना," भाऊ म्हणाले. मग त्यांनी मुद्दाम अशा एका फंक्शनबद्दल विचारलं ज्याचं पान अजून लिहायचं राहिलं होतं. बॉटने जराही न अडखळता तीन पॅरामीटर सांगितले. त्यातले दोन अस्तित्वातच नव्हते.

भाऊंनी पडद्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या मित्राकडे पाहिलं. "मधातून घुसते, घाईत असते, अन् मालूम नसलं तरी ठोकून देते," ते म्हणाले. "हा तुमच्या अकोल्याचा हाये का बे?"

अकोलेकराने त्या फंक्शनचं वर्णन तिथेच बसून लिहून दिलं. उदाहरणासकट.